काटा थांबतो तिथे

दिघ्याच्या गाळ्यात दुपारी सव्वादोनला
टेम्पोतून उतरवली ती एटीव्ही.
जाड चाकं, दोन स्ट्रोक, एक दिवा फुटका,
सीटवर कुणीतरी ब्लेडने कोरलेला बदाम.
जयदास मढवी म्हणाला, चाळीसला पडली.
नागावच्या किनाऱ्यावर भाड्याने फिरायची.
सुरू होते, पण पारसिकचा चढ लागला
की पहिल्यातच रडते.

मी आधी गेज काढत नाही.
प्लग काढतो, भोकावर अंगठा ठेवतो,
तौफिकला म्हणतो, मार किक.
चांगलं इंजिन अंगठा उडवून लावतं.
हिने नुसतं ढकलल्यासारखं केलं,
दारात उभ्या माणसाला
जरा सरका म्हणावं तसं.

मग गेज.
साठ.
जयदासचा हात लगेच फोनकडे,
विकणाऱ्याच्या आईपासून सुरुवात.
थांब, म्हटलं. एक्सलेटर पूर्ण ओढून धर.
हवा आतच जाऊ दिली नाहीस तर दाबायचं काय?
सात किका.
काटा एकेका किकेला चढला, पंच्याऐंशीला थांबला.
याला एकशेवीसच्या आसपास हवं.

साबणाचं पाणी हेडच्या सांध्यावर:
एक बुडबुडा नाही.
चमचाभर ऑइल प्लगच्या भोकातून,
पुन्हा सात किका:
एकशेदहा.
म्हणजे गळती रिंगांपाशी.
ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजवली,
लग्नाआधी भिंतीला चुना मारतात तशी.

सायलेन्सर सोडला. बॅटरी धरली.
पोर्टमधून पिस्टन दिसतो थोडासा,
पडद्याआडच्या माणसासारखा.
उभ्या रेघा. चार. नखाने मोजता येतील अशा.
“वाळू गेली आसंल,” जयदास म्हणाला.
“समुद्राव काय, दिवसभर वाळूच.”
एअर फिल्टर उघडला तर खरंच,
कोरडा फोम, तळाशी चिमूटभर वाळू.
तौफिकनेही मान हलवली.
सगळं जुळत होतं.

हेड काढलं. ब्लॉक वर उचलला.
पुसायला म्हणून उलटा केला
आणि खालच्या कडेवर, गॅस्केटच्या काळ्या चिकटाखाली,
तीन ठिपके.
पंचने मारलेले. तिसरा जरा तिरका.

ही माझी सवय.
आपलं काम कधी परत आलं
तर आपल्याला ओळखू यावं म्हणून.

आता आठवत गेलं.
पाच वर्षं झाली असतील, रबाळ्याचा कुणी दलाल,
लेथवरून बोअर होऊन आलेला ब्लॉक,
बाहेर हॉर्न वाजवणारी गाडी,
आज संध्याकाळी पाहिजेच, वर पाचशे घ्या.
बोअर झाल्यावर पोर्टची कड मोडायची असते,
बारीक कानस, नंतर पॉलिश पेपर,
अर्ध्या तासाचं काम. दिसत नाही कुणाला.
मी पाचशे घेतले.

चारही रेघा पोर्टच्या कडेपासूनच सुरू होत होत्या.
वाळू अशी एका जागेवरून निघत नाही.

तौफिक चहा आणायला गेला होता.
जयदास चुलतभावाला फोनवर सांगत होता,
वाळूच बोलतो मेकॅनिक, फिल्टरमदी सापडली ना.
मी असं बोललो नव्हतो.
पण नाहीही म्हटलं नव्हतं.
नवीन पिस्टन, बोअर, मजुरी,
सात हजार तरी झाले असते.
वाळूच्या नावावर.

“जयदास, इकडे ये. नख फिरव इथे.”
त्याने फिरवलं. अडकलं.
“ही कड मी ठेवलीय,” म्हटलं. “वाळूने नाही.”

तो बराच वेळ ब्लॉककडे बघत राहिला,
मग माझ्याकडे, मग परत नखाकडे.
काही बोलला नाही.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरून एक कंटेनर गेला,
गाळ्याचं पत्र्याचं शटर थरथरलं.

तौफिक चहा ठेवून म्हणाला,
उस्ताद, गेज तसंच राहिलंय.
काटा अजून एकशेदहावर.
या गेजचं असं आहे, किका थांबल्या तरी
आकडा धरून बसतं,
बाजूचं बटण दाबेपर्यंत.

दाबलं.
एवढीशी हवा. फुस्स.